वॉर्डातली झोप, विसरलेले पाढे आणि पॅमेला हाइंड्स

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लेक शाळेत गेलाय, घर शांत आहे, तर बसलेच. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल. अडीच वर्षं ट्रीटमेंट चालली, ती संपूनही आता दोन वर्षं होत आली. रिपोर्ट चांगले आहेत, केस आलेत, सायकल दामटतो, देवाची कृपा. पण पाठांतर होत नाही हो त्याचं. चौथीत आहे. रात्री सतराचा पाढा घडाघडा म्हणतो आणि सकाळी दप्तर भरता भरता विचारलं की सतरा चोकपाशी येऊन थांबतो, तोंडाकडे बघत राहतो. मागच्या आठवड्यात मी ओरडले त्याच्यावर, लक्ष नाही तुझं म्हणून. तर म्हणाला, "आई, मला येतंय गं, पण ते बाहेर येत नाहीये." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

म्हणून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता एका बाईंच्या कामापाशी पोचले, पॅमेला हाइंड्स. या डॉक्टर नाहीत, नर्स आहेत, आणि नर्सिंगमधल्याच संशोधक. अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड म्हणून लहान मुलांचं कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, १९६२ साली सुरू झालेलं, तिथे त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं.

थोडं मागचं सांगते, नाहीतर त्यांच्या कामाचं महत्त्व कळणार नाही. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बरनी एएलएलच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं आणि त्यातल्या १० जणांना काही काळ आराम पडला. ते औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळेचं नेतृत्व आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांकडे होतं. त्या काळी प्रश्न एकच होता, मूल जगेल का. पुढे औषधं एकत्र द्यायला लागले, डोक्याला रेडिएशन, पाठीतलं इंजेक्शन, असं करत करत आज तिकडे या आजाराची दहातली नऊ मुलं वाचतात. मूल वाचायला लागलं तेव्हा कुठे दुसरे प्रश्न विचारायला सवड मिळाली, की हे मूल झोपतं कसं, थकतं किती, त्याला आठवतं का.

हाइंड्सबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात एक साधी गोष्ट केली. मुलांना विचारलं, थकवा म्हणजे तुला काय होतं? मग आईवडिलांना वेगळं विचारलं, वॉर्डातल्या स्टाफला वेगळं. तीन उत्तरं तीन तऱ्हेची आली. लहान मुलं शरीराचं सांगत होती, उठवत नाही, खेळवत नाही. वयात आलेली मुलं मनाच्या थकव्याचंही बोलत होती. मोठी माणसं भलतंच काहीतरी धरून बसली होती. १९९९ साली हे छापून आलं. मी हे वाचलं आणि आठवायला लागले की अडीच वर्षांत माझ्या मुलाला "तुला थकल्यासारखं वाटतंय का, कसं वाटतंय" असं कुणी विचारलं होतं का. मीसुद्धा नाही. मी विचारायचे, जेवलास का, शी झाली का, ताप आहे का.

मग २००७ चा त्यांचा डेक्सावरचा अभ्यास. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टिरॉईड, एएलएलच्या घरांत हे नाव माहीत नाही असं होत नाही. त्यांनी १०० मुलांच्या मनगटाला घड्याळासारखं यंत्र बांधलं, ते हालचालीवरून झोप मोजतं. सलग दहा दिवस, पाच बिनडेक्साचे आणि पाच डेक्साचे. म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच. डेक्साच्या दिवसांत मुलं दिवसा जास्त झोपत होती, रात्री जास्त वेळा जागी होत होती, झोप तळमळती, आणि एवढं झोपून थकवा वाढलेलाच. आमच्या घरात याला आम्ही डेक्सा आठवडा म्हणायचो. पहाटे तीनला उठून बसायचा आणि मऊ भात, तूप, मेतकूट मागायचा, तेच, दुसरं काही नाही. मी डोळे चोळत कुकर लावायचे. तो ओट्याशी स्टुलावर बसून शिट्ट्या मोजायचा. मला तेव्हा वाटायचं लाडावलाय. अहो ते औषध होतं.

आणि आता जे मला सगळ्यात लागलं ते. त्यांच्या आणखी एका अभ्यासात वॉर्डात झोपलेल्या मुलांची रात्र मोजली. खोलीतला उजेड, आवाज, दार किती वेळा उघडलं, सगळं. मुलं रात्रीतून किती वेळा जागी होतात याचा सगळ्यात जवळचा संबंध कशाशी निघाला, तर माणसं खोलीत किती वेळा आली गेली याच्याशी. नर्स, डॉक्टर, आणि हो, आईबाप पण. ज्यांची झोप जास्त तुटली ती मुलं जास्त थकलेली.

आमच्या वॉर्डात, हॉस्पिटलचं नाव देत नाही, रात्री अकराला ब्लडप्रेशर, बाराला सलाईनचा पंप वाजला, एकला ताप बघायला, दोनला सलाईनची बाटली बदलायला, साडेतीनला परत पंप, पाचला रक्त काढायला, सहाला झाडू. प्रत्येक वेळी मोठी ट्यूब लागायची. माझा लेक इतका सरावला होता की ट्यूब लागली की डोळे न उघडता पांघरुणातून हात बाहेर काढून पुढे करायचा. घरी आल्यावरही तीन आठवडे तेच. मी रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की झोपेत हात पुढे.

आता आठवणीचं. सेंट ज्यूडमधलेच केविन क्रल म्हणून न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहेत. लहानपणी कॅन्सर झालेल्या, आता मोठ्या झालेल्या माणसांचा एक प्रचंड अभ्यास तिकडे १९९४ पासून चाललाय, तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडं घेतात. त्यातून क्रल यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की ज्यांना झोप नीट लागत नाही, दिवसा पेंग येते, थकवा आहे, त्यांच्यात स्मरणशक्तीच्या आणि काम हातावेगळं करण्याच्या तक्रारी जास्त आहेत. डोक्याला रेडिएशन, स्टिरॉईड यांचा परिणाम हिशेबातून बाजूला काढला तरी झोपेचा भाग उरतोच.

ते वाचल्यापासून मला वाटतंय की सतराचा पाढा आणि वॉर्डातली ती ट्यूबलाईट यांचं काहीतरी नातं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे झालंय का? वॉर्डात काम करणारं कुणी आहे का इथे? मोकळेपणी लिहा.

---

प्राजक्त_सडा

वाचून गलबलले. हात पुढे करण्याचं वाचून पुढे वाचवेना, पाच मिनिटांनी परत आले. माझ्या भाच्याला विल्म्स ट्यूमर होता, किडनीचा, आता बरा आहे. आमच्याकडे आठवणीचं काही झालं नाही, पण थकवा आहे. शाळेतून आला की दप्तरासकट सोफ्यावर झोपतो. घरचे आळशी म्हणतात. आज वहिनीला हा धागा पाठवते.

---

आकडेमोड

ताई, छान लिहिलंय आणि तुमची तळमळ पोचली. पण एक गोष्ट सांगतो, रागावू नका. २०११ च्या अभ्यासात झोप पण लोकांनीच प्रश्नावलीत सांगितलेली आणि विसरणं पण त्यांनीच सांगितलेलं, आणि दोन्ही एकाच वेळी. त्यावरून झोप बिघडली म्हणून आठवण बिघडली असं नाही म्हणता येत. एकाच औषधाने दोन्ही बिघडलं असेल. किंवा मन खचलेलं असलं की झोपही येत नाही आणि सगळं विसरल्यासारखंही वाटतं.

हे सिद्ध करायचं तर झोप सुधारून बघायला हवी आणि मग आठवण सुधारते का ते मोजायला हवं. आणि त्याच गटाने ते करून बघितलंय. मोठ्या झालेल्या सर्व्हायव्हर्सना, म्हणजे कॅन्सरमधून बरे झालेल्यांना, सहा महिने रोज ३ मिलिग्रॅम मेलॅटोनिन, काहींना नुसती साधी गोळी, कुणाला काय ते कुणालाच माहीत नाही. २०२२ साली निकाल आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर आठवणीतही फरक नाही आणि झोपेतही नाही. तेव्हा कुणी हे वाचून मुलाला मेलॅटोनिन द्यायला जाऊ नका, एवढ्यासाठी लिहिलं.

---

गोदाकाठ

आकडेमोड, रागावायचं काय त्यात, बरं झालं लिहिलंत. मेलॅटोनिनचं मला माहीत नव्हतं. पण मला त्यातून वेगळंच वाटतं. ती माणसं मोठी झालेली, आणि त्या गोळीने त्यांची झोपच सुधारली नाही ना? मग झोप सुधारली तर काय होतं हा प्रश्न तसाच राहिला. आणि माझा मुद्दा मुळात गोळीचा नाहीच. मूल वॉर्डात असतानाच त्याची झोप राखता येईल का, हा आहे.

---

आकडेमोड

हे बरोबर आहे तुमचं. पूर्ण मान्य. झोप सुधारलीच नाही तर पुढचं मोजण्यात अर्थ नाही.

---

हिप्पोकॅम्पस

मी मेंदूवर काम करतो, लहान मुलांवर नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं बोलतो. झोपेत आठवण पक्की होते हे आता नवीन राहिलं नाही. १९२४ साली जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दाखवलं की काही पाठ करून माणूस झोपला तर जागं राहिल्यापेक्षा कमी विसरतो. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत बघितलं की दिवसा फिरताना ज्या पेशी बरोबरीने चमकल्या त्याच पुढे गाढ झोपेत परत बरोबरीने चमकतात. म्हणजे दिवसभराचा धडा मेंदू रात्री परत गिरवतो. हे होतं ते हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, आणि नेमक्या याच भागात स्टिरॉईड जिथे जाऊन चिकटतं अशा जागा खच्चून भरलेल्या आहेत.

लहान मुलांत गाढ झोप मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, विशेषतः रात्रीच्या पहिल्या भागात. त्यामुळे ताईंनी लिहिलेली अकरा, बारा, एक, दोनची यादी बघून मला खरंच वाईट वाटलं. गिरवायला बसलेल्या मुलाची पाटी दर तासाला ओढून घेतल्यासारखं आहे ते.

डेक्साबद्दल एक जपून सांगायला हवं. क्रल यांच्याच गटाने २०१३ साली लिहिलंय की लहानपणी डेक्सा मिळालेल्यांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता प्रेडनिसोन हे दुसरं स्टिरॉईड मिळालेल्यांपेक्षा कमी भरली. पण डेक्सा देतात ते उगाच नाही. ते मेंदूत जास्त चांगलं शिरतं आणि तिथे लपलेला आजार मारतं. कुणीही मनाने बंद करू नका, कमी करू नका. सकाळी द्यायचं की कधी, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

---

दुसरी_इनिंग

पहिल्यांदाच लिहितोय इथे, नेहमी वाचतो फक्त.

मी सर्व्हायव्हर. वय ३८. १९९६ साली एएलएल, मुंबईत ट्रीटमेंट. तेव्हा आपल्याकडे एमसीपी ८४१ नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला क्रम, चालायचा, त्यात डोक्याला रेडिएशन असायचंच. आता बऱ्याच ठिकाणी ते मुलांना देत नाहीत किंवा फार थोड्यांना देतात. मेम्फिसमध्ये तर २००० साली सुरू केलेल्या ट्रायलमध्ये सगळ्याच मुलांचं काढून टाकलं आणि मुलं तरी वाचली.

रेडिएशन संपून महिना झाला असेल, मी झोपायला लागलो. झोप म्हणजे कशी, दिवसातले अठरा वीस तास. आईने भरवताना घास तोंडात धरून झोपायचो. बाबांना वाटलं आजार परत आला. गावातल्या डॉक्टरांनाही कळेना, त्यांनी परत मुंबईला पाठवलं, एसटीने रात्रभर, मी बाबांच्या मांडीवर, आणि आईने सगळ्या देवांना नवस बोलून झालेले. मुंबईच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, हे रेडिएशनमुळे होतं, काही मुलांना चार ते आठ आठवड्यांनी होतं, आपोआप जाईल. गेलंही दोन तीन आठवड्यांत. त्याला सोम्नोलन्स सिंड्रोम म्हणतात हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. १९२९ सालीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, तेव्हा डोक्यातल्या नायट्यासाठी मुलांना एक्सरे द्यायचे, त्या मुलांमध्ये दिसलं होतं. घरी पाठवताना आमच्या हातात एक कागद दिला असता, असं असं होऊ शकतं म्हणून, तर आईचे ते दहा दिवस वाचले असते. माझी तक्रार एवढीच आहे.

आठवणीचं म्हणाल तर हो, आहे. नावं विसरतो. कुणी एकदम तीन कामं सांगितली तर तिसरं जातं. मी शर्टाच्या खिशात छोटी वही ठेवतो, नोकरीत सगळ्यांना माहीत आहे, कुणी काही म्हणत नाही. त्या मेम्फिसच्या लोकांनी २०१३ साली जुन्या रेडिएशनवाल्यांची स्मरणशक्ती तपासली, २४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) मिळालेल्यांची बरीच खालावली होती, १८ ग्रे मिळालेल्यांची तशी नव्हती. माझी फाईल काढून बघितली, १८. त्या दिवशी बायकोला फोन करून सांगितलं होतं.

गोदाकाठ ताई, तुमचा मुलगा म्हणाला ना येतंय पण बाहेर येत नाही, ते शब्दशः खरं आहे. मला पण तसंच होतं. आत असतं. ओरडलं की आणखी आत जातं. थांबलं की येतं.

---

गोदाकाठ

दादा, काय बोलू. तुमचं शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.

---

बाराखडी

प्राथमिक शिक्षिका आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. माझ्या वर्गात असं एक मूल होतं, ट्रीटमेंट संपवून परत आलेलं. पालकांनी आजाराबद्दल सांगितलं होतं पण नंतर असं काही होऊ शकतं हे त्यांनाच माहीत नव्हतं तर मला कुठून. मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि दोन महिने चुकत राहिले. फळ्यावरचं उतरवायला त्याला दुप्पट वेळ लागायचा. मग एकदा सहज तोंडी विचारलं तर सगळं आलं. तेव्हापासून त्याची परीक्षा मी तोंडी घेतली, आणि दुसऱ्या तासाला, कारण पाचव्या तासापर्यंत तो संपलेला असायचा. पाढे एकदम नाही, दोन दोन ओळी, आणि झोपायच्या आधी एकदा, सकाळी फक्त ऐकायचे, विचारायचे नाहीत. पंधरा दिवसांनी विचारायचे. करून बघा.

---

मेरीलँडकर

हाइंड्सबाई पुढे आमच्या इकडे, वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनल हॉस्पिटलला आल्या. त्यांचं आणखी एक मोठं काम सांगते. औषधाचे दुष्परिणाम पूर्वी डॉक्टर लिहायचे. त्यांनी इतर संशोधकांबरोबर असा फॉर्म तयार केला की सात वर्षांपासून पुढचं मूल स्वतः सांगेल, मला किती त्रास झाला. आणि २००५ साली त्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या १० ते २० वर्षांच्या मुलांशी, त्यांच्या निर्णयांबद्दल बोलून एक अभ्यास छापला. त्यात मुलं निर्णय घेताना कुणाचा विचार करत होती, तर दुसऱ्यांचा. आईबाबांचा, पुढे येणाऱ्या पेशंटचा. मी ते वाचून दोन दिवस सुन्न होते.

इकडे शाळेत अशा मुलांसाठी ५०४ प्लॅन म्हणून असतो, कायद्यानेच. जास्त वेळ, शांत खोली, नोट्स आयत्या मिळणं. आणि ट्रीटमेंट संपल्यावर मुलाची आठवण, लक्ष, वेग यांची एकदा रीतसर तपासणी करून घ्यावी असं इकडच्या लाँग टर्म फॉलोअपच्या नियमावलीत लिहिलंय. न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंग म्हणतात. तुमच्याकडे झालीय का ती?

---

गोदाकाठ

नाही झाली. कुणी सांगितलीच नाही. कुठे होते आपल्याकडे?

---

दुसरी_इनिंग

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला एसीटी क्लिनिक आहे ताई, ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी, डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली सुरू केलं. आजार बरा झालेल्यांचंच बघतात तिथे. आपल्याकडे अशी कल्पना कुणाला नव्हती तेव्हाची गोष्ट ही. तुमची ट्रीटमेंट दुसरीकडे झाली असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे सोय असेल किंवा ते चिठ्ठी देतील. जाताना पूर्ण समरी न्या, कुठलं औषध किती डोस ते. ती फाईल कधीही टाकू नका. माझी आईने अजून लोखंडी पेटीत ठेवलीय, साड्यांच्या खाली.

---

नाईट_ड्युटी

मी सिस्टर. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात चौदा वर्षं, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली असतील. गोदाकाठ ताईंचं वाचून आधी वाईट वाटलं, मग थोडा रागही आला, मग परत वाचलं आणि वाटलं उत्तर द्यायला हवं.

आधी आमची बाजू. मुलाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, पडलेले असतात तेव्हा ताप म्हणजे खेळ नाही. रात्री दोनला १०१ आलेला ताप सहाला कळला तर उशीर झालेला असतो. मी असं मूल गमावलेलं बघितलंय. म्हणून आम्ही उठवतो. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचा मोठा डोस चालू असला की लघवी सारखी झाली पाहिजे, तपासली पाहिजे, नाहीतर औषध किडनीत बसतं. तेव्हाही उठवावंच लागतं. आणि वीस बावीस मुलांमागे आम्ही दोघी असतो.

आता आमची चूक. मोठी ट्यूब लावायची गरज नसते. सवय असते. एक सांगते, आमच्याकडे एका सीनियर सिस्टरांनी पाच वर्षांपूर्वी काही गोष्टी बदलल्या, कुणाची ऑर्डर नव्हती, त्यांनी आपल्या आपण केल्या. ताप, बीपी, पंप, बाटली, लघवी हे एकाच फेरीत, वेगवेगळ्या पाच फेऱ्या नाहीत. बाटलीत थोडंसं उरलेलं असतानाच बदलायची, संपून पंप बोंबलायची वाट बघायची नाही. टॉर्चच्या काचेवर केशरी जिलेटीन पेपर रबर बँडने लावलेला. रक्त पाचऐवजी साडेसहाला, डॉक्टरांशी बोलून, कारण लॅब तसंही सातनंतरच मशीनवर घेते. आणि मावशींना सांगितलं, झाडू सातनंतर. एवढ्याने मुलं सलग साडेतीन चार तास झोपायला लागली. आम्ही काही मोजलं नाही, पण सकाळी रक्त काढताना रडण्यात फरक पडला ते कानाला कळतं.

पालकांनीही एक करावं. रात्री मोबाईलवर व्हिडिओ लावून मुलाला शांत करू नका. आणि शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक फोनवर बोलत असतील तर आम्हाला सांगा, आम्ही सांगू, तुम्ही भांडू नका.

---

आकडेमोड

सिस्टर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. यावर आणखी एक. हाइंड्स यांनी वॉर्डातल्या २९ मुलांवर एक छोटा प्रयोग केला होता, २००७ मध्येच छापला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास सायकलसारखं पेडल मारायला दिलं, दोन ते चार दिवस. त्या मुलांची रात्रीची झोप जास्त सलग झाली. मुलं कमी आहेत, दिवस कमी आहेत, पण तुलना रीतसर आहे. दिवसा मुलाला खाटेवरून खाली उतरवणं हाही रात्रीच्या झोपेचाच भाग. डॉक्टरांनी परवानगी दिलेली असताना, अर्थात.

---

प्राजक्त_सडा

वहिनीने वाचलं. काही बोलली नाही, पण संध्याकाळी भाचा दप्तरासकट झोपला तेव्हा तिने त्याचे बूट काढले आणि पंखा लावला. रोज उठवते, आज उठवलं नाही.

---

कोवळं_ऊन

नमस्कार. मी आत्ता वॉर्डातूनच लिहितेय. पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं. मुलगी सहा वर्षांची, इंडक्शनचा, म्हणजे ट्रीटमेंटच्या पहिल्या टप्प्याचा, तिसरा आठवडा, डेक्सा चालू. ती आत्ता जागी आहे, पोळी आणि लोणचं मागतेय, सारखं लोणचं. मला वाटत होतं आमच्याच मुलीला असं होतंय. हा धागा रात्रभर वाचला. नाईट ड्युटी सिस्टर, आमच्या सिस्टरांना हे कसं सांगू? त्यांना वाईट वाटेल का? आम्ही बाहेरगावचे, काही बोलायची भीती वाटते.

---

नाईट_ड्युटी

बाळा, घाबरू नको. दुपारी विचार, रात्री नको, रात्री आम्ही धावपळीत असतो. "तुम्ही असं करता" असं म्हणू नको. म्हण, "सिस्टर, बाटली संपत आली की मी तुम्हाला आधी येऊन सांगू का, म्हणजे पंप वाजणार नाही." कुठलीही सिस्टर याला नाही म्हणणार नाही, तिचंच काम हलकं होतं. ट्यूबबद्दल, तू स्वतःच मोबाईलचा उजेड खाली धरून उभी राहा, ट्यूब लागणारच नाही. आणि डेक्साची दुसरी गोळी किती वाजता देतात ते राउंडला डॉक्टरांना विचार. लोणच्याचं पण विचार, काउंट कमी असताना बाहेरचं उघडं नको आणि डेक्सावर मीठ जास्त नको. मुलीला माझा पापा.

---

गोदाकाठ

कोवळं ऊन, मी जागी आहे. मेसेज केलाय, नंबर दिलाय, कधीही फोन कर. तीन वाजता सुद्धा. मला सवय आहे.

---

हिप्पोकॅम्पस

इंडक्शनमध्ये झोप आणि भूक दोन्ही असंच होतं, काळजी करू नका. मात्र मुलगी उठवूनही उठत नाही, खूप डोकं दुखतंय, बोलणं अडखळतंय असं काही वाटलं तर ती झोप समजून थांबू नका, त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा.

---

गोदाकाठ

आठ दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांशी बोलले. टेस्टिंगची तारीख मिळालीय पुढच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, बरं झालं विचारलंत, आम्ही काउंट बघत राहतो आणि हे मागे पडतं. शाळेत जाऊन बाईंना बाराखडीताईंचा प्रतिसाद दाखवला, त्यांनी फोटो काढून घेतला. पाढे दोन दोन ओळी चाललेत. झोपताना मी म्हणते, तो नुसतं ऐकतो, सकाळी विचारत नाही. पंधरा दिवस व्हायचेत अजून, त्यामुळे येतो का नाही ते नाही माहीत.

---

कोवळं_ऊन

सिस्टरांना विचारलं. हो म्हणाल्या, उलट म्हणाल्या मीच सांगणार होते. काल बाटली पावणेबाराला बदलली, मी मोबाईल खाली धरला. डॉक्टरांनी डेक्साची संध्याकाळची गोळी चारला केली. मुलगी बारा ते साडेचार झोपली, मी पण. सिस्टर मध्ये येऊन ताप बघून गेल्या म्हणे, आम्हा दोघींना कळलंच नाही.